संदर्भसूची एपीए फॉरमॅटमध्ये कशी करायची? गाईडनी दोनदा परत पाठवलीय

तुम्ही लिहिलंय की गाईडनी दोन्ही वेळा "फॉरमॅट नीट नाही" एवढंच सांगितलं आणि आता सगळी सूची परत हाताने टाईप करायची का सॉफ्टवेअर वापरायचं हे कळत नाहीये. हाताने नका करू. मी माझ्या वेळी दीडशेच्या आसपास नोंदी हाताने टाईप केल्या होत्या आणि सबमिशनला आठ दिवस असताना स्टाइल बदलायला सांगितली, मग रात्र रात्र जागून कंस आणि स्वल्पविराम हलवत बसले, तरी चुका राहिल्याच. त्यामुळे तुमची अवस्था अगदी कळतेय.

सगळ्यात आधी गाईडना विचारा की एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संदर्भ-पद्धतीची, कुठली आवृत्ती हवीय. सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली पण सहावीप्रमाणे केलेले नमुने अजून सगळीकडे फिरतात, आणि एखाद्या सीनियरच्या प्रबंधावरून बघून सूची केली असेल तर घोळ तिथेच झालेला असू शकतो. सातवीत पुस्तकाच्या प्रकाशकाचं गाव लिहायचं नसतं, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) पूर्ण लिंकच्या रूपात द्यायचा असतो, सूचीत २० लेखकांपर्यंत सगळी नावं येतात (सहावीत ७ पर्यंतच), आणि मजकुरात तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्याच उल्लेखापासून "आणि इतर"वालं (et al.) रूप चालतं.

सॉफ्टवेअर म्हणाल तर संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारं झोटेरो घ्या, फुकट आहे, वर्डमध्ये त्याचा प्लगइन (जोड-प्रोग्राम) बसतो आणि हजारो स्टाइल्स मिळतात. मेंडेली या तशाच सॉफ्टवेअरनेही काम होतं, पण मला झोटेरोत नोंद दुरुस्त करणं सोपं वाटतं आणि खरं काम तेच आहे. कारण सॉफ्टवेअर फक्त मांडणी करतं, आत भरलेली माहिती चुकीची असेल तर तीच चूक सुंदर फॉरमॅटमध्ये छापून येते. एक क्लिक केलं, नोंद आली, पुढे गेलो असं सगळे करतात आणि सूची बिघडते ती इथेच.

उदाहरण देते. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचा रिपोर्ट सेव्ह केला आणि लेखकाच्या जागी नाव-आडनाव असे दोन रकाने राहिले की सूचीत "ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच." असं छापून येतं, जणू कोणा माणसाचं आडनावच ऑर्गनायझेशन आहे. संस्था लेखक असेल तिथे नावाशेजारच्या बटणाने एकच रकाना करून घ्यायचा. तसंच जर्नलमधला लेख कधी कधी "वेब पेज" म्हणून सेव्ह होतो, मग खंड, अंक, पानं काहीच येत नाही आणि आपण स्टाइलला दोष देत बसतो, म्हणून आयटम टाइप (नोंदीचा प्रकार) आधी बघायचा. इंग्रजी शीर्षकांचं तर वेगळंच, एपीएत लेखाच्या शीर्षकात पहिला शब्द, विशेषनामं आणि कोलननंतरचा पहिला शब्द एवढ्यांनाच कॅपिटल लागतं, जर्नलच्या नावात मात्र महत्त्वाच्या सगळ्या शब्दांना, आणि बऱ्याच साइट्सवरून शीर्षक प्रत्येक शब्दाला कॅपिटल लावूनच येतं. झोटेरोत शीर्षकावर राइट क्लिक करून सेंटेन्स केस करता येतं, पण त्यात माणसांची आणि देशांची नावंही लहान होऊ शकतात, तेवढं वाचून घ्या.

हे सगळं नोंद सेव्ह केली त्याच वेळी करायचं, मूळ पीडीएफ समोर उघडी असते तेव्हा एका नोंदीला दोन मिनिटं लागतात. आता तुमच्याकडे जुनी टाईप केलेली सूची आहे तर ज्यांचा डीओआय किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) आहे ते झोटेरोतल्या जादूच्या कांडीच्या बटणात टाका, माहिती बहुतेक वेळा आपोआप येते, बाकीच्या हाताने भरा. मग वर्डमधले जुने टाईप केलेले उल्लेख काढून प्लगइनने परत घाला, कंटाळवाणं आहे पण हे टाळू नका, कारण मजकुरात २०१४ आणि सूचीत २०१५ असला प्रकार याशिवाय सहज पकडला जात नाही. शिवाय एपीएच्या सूचीत फक्त मजकुरात उल्लेख केलेलेच संदर्भ येतात, नुसतं वाचलेलं सगळं टाकायचं नसतं, आणि प्लगइन ते आपोआप सांभाळतो.

वर्डमध्ये तयार झालेल्या सूचीत थेट काही दुरुस्त करू नका, पुढच्या रिफ्रेशला ते पुसलं जातं. चूक दिसली की झोटेरोत जाऊन सुधारायची. झोटेरोशी जोडलेली वर्ड फाईल तशीच जपून ठेवा आणि ती लिंक तोडून साधा मजकूर करायचा असेल तर फाईलच्या कॉपीवर करा.

आणि एआयकडून संदर्भ मागून घेतले असतील तर प्रत्येकाचा डीओआय उघडून बघा, कारण खऱ्या वाटणाऱ्या लेखकांच्या नावाने अस्तित्वातच नसलेले लेख त्यात येतात. जो लेख उघडत नाही आणि कुठेच सापडत नाही तो सूचीतून काढा, आणि त्याच्या आधारावर मजकुरात जे वाक्य लिहिलंय तेही.