हायर स्पिनच्या मागे लागलेला मुलगा

“मुलगा नाशिकलाच टीवायबीएस्सी फिजिक्सला आहे. डिराकच्या पुढची, जास्त स्पिनच्या कणांची समीकरणं करायची म्हणतो. मी सातपूरला कारखान्यात आहे. यात पोट भरेल का?” – एक पालक

नमस्कार,

नुसत्या या विषयावर भरणार नाही. ‘हायर स्पिनवाला पाहिजे’ (स्पिन म्हणजे कणाचा अंगचाच, फिरकीसारखा गुण; तो ठरावीक आकड्यांतच असतो) अशी जाहिरात कुठेच निघत नाही. नोकरी मिळते ती फिजिक्समधल्या पीएचडीला, आणि तीही उशिरा.

पण मुलाचं हे खूळ नाही. भौतिकशास्त्रज्ञ डिराकने १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचं, म्हणजे अर्ध्या स्पिनचं समीकरण दिलं. दीड स्पिनचं रॅरिटा आणि श्विंगर यांनी १९४१ मध्ये. आपले होमी भाभाही १९४५ च्या सुमारास याच प्रकारच्या समीकरणांत गुंतले होते. गोम अशी, की कण एकटा असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. विद्युतचुंबकीय क्षेत्र जोडलं की बिनसतं. त्या क्षेत्रात अशा कणाची लाट प्रकाशाहून वेगाने धावू शकते, हे वेलो आणि झ्वान्झिगर यांनी १९६९ मध्ये दाखवलं. पोरांना भुरळ पडते ती अशाच जागी.

आवड किती खोल आहे ते पाहायचं तर त्याला रॅरिटा-श्विंगरच्या दीड स्पिनच्या समीकरणाचा हिशेब कागदावर मांडायला सांगा. सुरुवातीला १६ घटक. दोन अटी प्रत्येकी ४ उडवतात, उरतात ८: कणाच्या चार स्पिन-अवस्था, प्रतिकणाच्या चार. आकडे पाठ असून भागत नाही. या अटी मुळात का लागतात, हे त्याने कॉलेजातल्या सरांना पटवून द्यावं. व्हिडिओ बघून आलेली हौस असेल तर गाडी तिथेच अडते.

आता पैशाचं. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, बहुधा परदेशात. कायम नोकरीपर्यंत पस्तिशी गाठते. तोवर घर त्याच्या पगारावर अवलंबून असेल, तर हे आजच त्याच्याशी मोकळेपणी बोला. एमएस्सीनंतर सेट ही राज्याची पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकीचा प्रयत्न करता येतो, पण तिथेही जागा मोजक्याच.

सध्या त्याने हायर स्पिन बाजूला ठेवून क्वांटम मेकॅनिक्स आणि गणिती पद्धती पक्क्या कराव्यात. एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी, सोबत संशोधन संस्थांच्या प्रवेशाची जेस्टही. जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते, म्हणजे टीवायचा अभ्यास आणि ही तयारी एकदमच येणार.