डोमेन नव्या मायक्रोसॉफ्ट ३६५ टेनंटमध्ये हलवलं, आता निम्म्या लोकांचं साइन-इन होत नाहीये. काय करू?

सगळ्यांचे पासवर्ड रीसेट करत सुटला असाल तर आधी ते थांबवा, त्याने गोंधळ वाढतो फक्त. तुम्ही लिहिलंय की कंपनीचं डोमेन (ईमेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव) जुन्या टेनंटमधून (टेनंट म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५ मधली कंपनीची स्वतंत्र जागा) काढलं, नव्यात टाकलं, टीएक्सटी रेकॉर्डने (डोमेन आपलंच आहे हे दाखवणारी डीएनएसमधली नोंद) व्हेरिफायही झालं, आणि आता काही जणांना "हे खातं अस्तित्वात नाही" असं येतंय, काहींचं आउटलुक सारखं पासवर्ड मागतंय आणि काहींचं मात्र मस्त चालू आहे. हे तीन वेगळे प्रॉब्लेम आहेत, आणि मला विचाराल तर ज्यांचं मस्त चालू आहे त्यांची काळजी जास्त करा, का ते खाली सांगतो.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की तुम्ही फक्त डोमेन हलवलंय, खाती जुन्याच जागी आहेत. नव्या टेनंटमधलं खातं दिसायला सेम ईमेल पत्त्याचं असलं तरी आतून ते दुसरंच खातं आहे, आयडी वेगळा, पासवर्ड वेगळा, एमएफए (पासवर्डनंतरची दुसरी ओळखतपासणी) वेगळं. आणि लॅपटॉप, फोन, ऑफिस, वनड्राइव्ह हे सगळे अजून जुन्या आयडीची टोकन (आधीच्या साइन-इनचे साठवलेले पुरावे) धरून बसलेत, त्यांना कोणी सांगितलंच नाहीये की आता दुसरीकडे जायचंय.

म्हणून एक माणूस पकडा ज्याचं होत नाहीये, ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडा आणि तिथून मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या वेबसाइटवर साइन-इन करायला लावा. तिथेही अडलं तर घोळ खात्यात आहे, तिथे झालं तर घोळ मशीनमध्ये आहे. या एका टेस्टने निम्मी डोकेदुखी जाते.

खात्यात घोळ असेल तर नव्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये त्या माणसाचं युजरनेम बघा. डोमेन अ‍ॅड केलं म्हणून युजरनेम आपोआप बदलत नाही, बऱ्याचदा ते अजून ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉमवालंच (मायक्रोसॉफ्टने टेनंटला दिलेल्या मूळ डोमेनचं) असतं आणि कंपनीचा पत्ता फक्त एलियास, म्हणजे मेल येण्यापुरता जादा पत्ता, म्हणून टाकलेला असतो, मग मेल तर येते पण त्या पत्त्याने लॉगिन होत नाही, आणि माणूस म्हणतो अहो माझा पत्ता तर बरोबर आहे! एररमध्ये ५००३४ दिसलं तर या टेनंटला ते युजरनेमच माहीत नाही, ५०१२६ दिसलं तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकतोय, रीसेट करायचाच असेल तर युजरनेम तपासून मग फक्त अशांचाच करा. युजर लोकल अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (ऑफिसच्या स्वतःच्या सर्व्हरवरची युजरची यादी) सिंक होत असतील तर नाव तिकडे बदला आणि मग सिंक करा.

एमएफए लोक हमखास विसरतात. ऑथेंटिकेटरमधली (एमएफएचा कोड देणारं फोनवरचं अ‍ॅप) जुनी नोंद जुन्या खात्याची आहे, नव्या खात्यासाठी परत रजिस्टर करावंच लागतं. मग अ‍ॅपमध्ये एकाच पत्त्याच्या दोन नोंदी दिसू शकतात आणि लोक जुन्या नोंदीतला कोड टाकत बसतात. नवी नीट चालली की जुनी काढून टाकायला सांगा, पण तुमच्या स्वतःच्या जुन्या अ‍ॅडमिन खात्याची नोंद अजिबात काढू नका, ती लागणार आहे.

आता मशीन. क्लासिक आउटलुकचं जुनं प्रोफाइल दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, कंट्रोल पॅनलमधल्या मेलमध्ये जाऊन सरळ नवीन प्रोफाइल बनवा. त्याआधी वर्ड उघडून अकाउंटमधून साइन आउट करा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या ऑफिसच्या जुन्या नोंदी उडवा, आणि विंडोज सेटिंग्जमध्ये "अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल" खाली जुनं खातं दिसत असेल तर ते डिस्कनेक्ट करा.

पण थांबा, हे शेवटचं बटण दाबायच्या आधी दोन गोष्टी. लॅपटॉप जुन्या टेनंटला पूर्ण जॉइन असेल आणि त्यावर लोकल अ‍ॅडमिन खातं नसेल, तर डिस्कनेक्ट केल्यावर विंडोजमध्येच शिरता येत नाही. आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं फीचर) रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा नंबर, बहुतेक जुन्या टेनंटमध्ये त्या डिव्हाइसच्या नावाखाली सेव्ह असते, ते डिव्हाइस तिथून डिलीट केलं की तीही गेली. मी एका ऑफिसचं हे काम करताना एका बाईंच्या लॅपटॉपची की आधी काढून ठेवली नव्हती, रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन आली, रिकव्हरी की मागत, आणि नशिबाने जुनं डिव्हाइस अजून डिलीट केलेलं नव्हतं म्हणून त्यांचा डेटा वाचला. तेव्हापासून प्रत्येक मशीनची की आधी लिहून घेतो, मगच हात लावतो.

आता ज्यांचं "मस्त चालू आहे" ते लोक. डोमेन काढल्यावर जुनी खाती मरत नाहीत, त्यांचं नाव ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम होतं आणि ती जिवंत राहतात. त्यामुळे टीम्स आणि वनड्राइव्ह गुपचूप जुन्याच टेनंटमध्ये काम करत राहू शकतात, कुठलीही एरर न देता, आणि आजची फाइल जिथे कोणी बघणार नाही तिथे जाऊन पडते. प्रत्येकाच्या वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये कुठलं खातं आहे ते स्वतः बघा, जुनं असेल तर सिंक पूर्ण झाल्याची खात्री करून अनलिंक करा आणि नव्याने जोडा.

मायक्रोसॉफ्टच्या लॉगिननेच उघडणारी बाकीची अ‍ॅप्स, म्हणजे एचआर वगैरे, असतील तर त्यांचं सिंगल साइन-ऑन (त्याच एका लॉगिनने आत जायची सोय) नव्या टेनंटच्या आयडीने परत सेट करावं लागेल, तिथे युजरच्या हातात काहीच नसतं, त्यांना त्रास देऊ नका.

आणि जुन्या टेनंटची लायसन्स लगेच बंद करू नका, सगळ्यांच्या फायली आणि बिटलॉकर कीज हातात येईपर्यंत तरी नाही. एवढं करूनही कोणी अडकलंच तर एररचा पूर्ण नंबर इथे टाका, नुसतं "लॉगिन होत नाही" वरून कळत नाही, नंबर बघून सांगतो.