मनातले सांगितले, तर फाइल बिघडेल का?

दिल्लीत अफगाण निर्वासितांसोबत समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न, म्हणजे निर्वासित दर्जासाठीचा अर्ज बिघडेल का हा, मला जवळजवळ प्रत्येक कुटुंबाने विचारला आहे. ज्या बाईंमुळे त्यामागची भीती मला नीट कळली, त्यांची हकीकत ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून देते.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यानंतर त्या दोन मुलांसह भारतात आल्या आणि भोगलमध्ये एका खोलीत राहू लागल्या. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. अफगाणांचे अर्ज संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे कार्यालय तपासते. बाईंची तिथली मुलाखत व्हायची होती. डोके दुखते, झोप लागत नाही, ‘फिशार’ (रक्तदाब) वर-खाली होतो, एवढेच त्या सांगत, आणि तेही तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून, कारण घरात हिंदी त्यालाच येत होती.

मुलाला दुभाषा होऊ देणे ही माझी चूक होती. नवऱ्याचे काय झाले, हे कोणती आई मुलाकडून वदवून घेईल? तोही तिचे रडणे गाळून फक्त डोकेदुखी माझ्यापर्यंत पोहोचवत होता. पुढे आम्ही दरी (अफगाणिस्तानातली फारसी भाषा) बोलणारी दुभाषी शोधली. ती आपल्या वस्तीतली नसावी, नाहीतर गल्लीभर बोभाटा होईल, ही बाईंची अट रास्तच होती. त्या दिवशी मुलगा बाहेर थांबला आणि त्या म्हणाल्या, ‘मी जिगरखून आहे.’ आत साचून राहिलेल्या दुःखाला दरीत हा शब्द आहे. आपल्या ‘काळीज तुटणे’च्या जवळचा.

मग भीती बाहेर आली: वेडी ठरवतील, तारखा चुकल्या तर खोटारडी ठरवतील. मी त्यांना सांगितले, की अर्जाचा निर्णय समुपदेशक करत नाही आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश अशा कायद्यात दिलेल्या मोजक्या प्रसंगीच त्याला अपवाद होतो. मानसिक त्रास आहे म्हणून निर्वासिताचा दर्जा नाकारला जात नाही. छळ सोसलेल्यांसाठी तिसऱ्या देशातील, म्हणजे मायदेश आणि भारत सोडून दुसऱ्या देशातील, पुनर्वसनात वेगळी वर्गवारीही आहे, पण तिचे आमिष मी कुणाला दाखवत नाही, कारण जगभरातल्या शंभर निर्वासितांपैकी एकालाही वर्षभरात ती संधी मिळत नाही. तारखांबद्दल म्हणाल, तर भयंकर प्रसंगातला वास आणि आवाज लख्ख आठवतो, दिवस मात्र हरवतो. तेव्हा अंदाजाने तारीख ठोकून देण्यापेक्षा ‘आठवत नाही’ म्हणणेच खरे.

झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांनी औषध दिले. त्याच सुमारास शेजारच्या दोघी अफगाण बायका त्यांना रोज संध्याकाळी नान आणायला सोबत नेऊ लागल्या, आणि माझ्या मते त्या फेरीचा गुण गोळ्यांइतकाच आला.

मुलाखतीला जोडायचा माझा अहवाल त्यांनी दुभाषीकडून दोनदा वाचून घेतला, नवऱ्याविषयीचे एक वाक्य काढायला लावले आणि मगच सही केली.