पारसिकच्या कातळाचा कल मोजताना

बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, शिकायचाय ना, मग सुरुवात पारसिकच्या डोंगरापासून करा, माळशेजपासून नको. घाटात लाव्हाचे थर जवळपास आडवे दिसतात. इथे मुंब्रा-पनवेलच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला झुकलेत. यालाच पनवेलचा वाक म्हणतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थर साचले आणि पुढे सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून सुटताना किनाऱ्याकडची बाजू खाली वाकली.

नवखे चुकतात ते एकाच ठिकाणी: सांध्याची भेग (दगडाला पडलेली चीर) मोजतात, थर नाही. आधी दोन थरांमधली सीमा शोधा. खालच्या थराचा माथा भोकाभोकांचा असतो, भोकांत झिओलाइट नावाचं पांढरं खनिज. त्यावर कधी विटकरी लाल मातीचा पट्टा, मग वरच्या थराचा घट्ट काळा दगड. क्लायनोमीटर, म्हणजे झुकाव मोजायचं साधन, या सीमेच्या सपाटीवर टेकवा, पाच-सहा जागी.

रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीवर मात्र भुलू नका. थराचा खरा कल (आडव्यापासूनचा झुकाव) 20 अंश असेल आणि भिंत कलाच्या दिशेशी 60 अंशांनी तिरकी असेल, तर तिच्यावर जेमतेम 10 अंश दिसतात. म्हणून वेगवेगळ्या दिशांच्या दोन भिंती तरी हव्यातच.

होकायंत्र वाचताना हातोडी आणि मोबाइल लांब ठेवा. थरांना छेदत उभी गेलेली काळ्या दगडाची भिंत दिसली तर ती डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेला लाव्हारस. तिची दिशा वेगळी नोंदवा. पावसाळ्यात जाऊ नका, गवत सगळं झाकतं आणि दरडीही सुटतात. शिवरात्रीनंतर कातळ मस्त उघडा पडतो.