नफ्याआधी लेखा धोरणं वाच

कारखान्याचा वार्षिक अहवाल हातात आला की आधी लेखा धोरणांची टीप वाच, नफा नंतर. मालसाठ्याचा परिच्छेद तर अगदी सावकाश. इंड एएस २ (मालसाठ्याचं भारतीय लेखा मानक) नुसार साठा खर्चाला किंवा विकून हाती येणाऱ्या निव्वळ रकमेला, जे कमी असेल त्याला दाखवतात. खर्च मोजायला फिफो (आधी आलेला माल आधी गेला असं धरणं) किंवा भारित सरासरी चालते, लिफो (शेवटी आलेला आधी गेला असं धरणं) नाही. खरी मेख तयार मालात असते. कारखान्याचा घसारा, देखभाल असे स्थिर खर्च नेहमीच्या उत्पादनक्षमतेवर वाटायचे असतात. मंदीत निम्मी यंत्रं बंद राहिली, तर उरलेला खर्च त्याच वर्षीच्या नफ्यातोट्यात जायला हवा. तो साठ्यावर चढवला की नफा फुगतो. घसारा काढायला धरलेलं यंत्रांचं आयुर्मानही बघ. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची दोनमध्ये सर्वसाधारण यंत्रांना १५ वर्षं आहेत. वेगळं धरलं असेल, तर कारण दिलंय का ते शोध.