स्पेस कॅब पिकअपमध्ये मागे सीट टाकायची आहे, चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्पेस कॅब प्रकारची जुनी पिकअप घेतली आहे, पिवळी पाटी, आरसीवर चालकासह दोनच आसनं. पुढच्या सीटमागे दोनेक फूट जागा मोकळी आहे. आंब्याच्या हंगामात तिथे दोन गडी बसतील, गणपतीत मुलं बसतील, म्हणून बाकडं टाकायचा विचार आहे. आधीच्या मालकानेही टाकलं असावं, कारण मॅटखाली चार भोकं आहेत. सीटवाला म्हणतो एका दिवसाचं काम.

टाकू नका. ही सीट आरटीओत नोंदवता येणार नाही, आणि न नोंदवता टाकलेली सीट मजबूत करता येत नाही. दुसरा मुद्दा सहसा कुणी सांगत नाही, त्यावर सविस्तर लिहितो. आधी कायदा उरकून घेऊ.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. आसनसंख्या हा आरसीवरचा स्वतंत्र रकाना आहे, त्यामुळे 'छोटासा तर बदल आहे' म्हणून सुटका नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम असंच कडक वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीपेक्षा जास्त माणसं बसवली तर कलम १९४अ प्रमाणे माणशी २०० रुपये, आणि ती उतरल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय असेल तर त्याचे १,००० वेगळे. 'माझी गाडी तीन टनाच्या आतली, परमिट लागत नाही' हे खरं असलं तरी त्याचा इथे उपयोग नाही. ती सूट परमिटपुरती आहे, आसनांना लागू होत नाही.

दंड परवडेल. विमा नाकारला तर ते परवडणार नाही. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी येतो, कामावरचे लोक मर्यादित प्रमाणात येतात. फुकट बसवून नेलेला प्रवासी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणजे गणपतीला पाहुण्यांची मुलं मागे बसली आणि काही झालं, तर भरपाईचा दावा तुमच्या घरावर आणि बागेवर येणार. गड्यांच्या बाबतीतही आरसीवर नसलेल्या सीटवर बसवलेला माणूस म्हटलं की विमा कंपनीला भांडायला आयतं कारण मिळतं.

आता मजबुतीचं. पिवळ्या पाटीच्या गाडीला फिटनेसचं पासिंग लागतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. जास्तीची सीट तिथे दिसली की अडकली. म्हणून अशा सीटा पासिंगच्या आदल्या दिवशी काढता येतील अशाच बनवतात. एक इंची चौकोनी पाइपची चौकट, वर बारा एमएमचं प्लाय, फोम, रेक्झिन आणि खाली चार आठ-एमएमचे बोल्ट. पुष्कळदा तर विंग नटच, पान्याशिवाय सुटावेत म्हणून. जे हाताने सुटतं ते आपटीत टिकत नाही. सीटवाला कितीही चांगला कारागीर असला तरी त्याला 'काढता येईल अशी' सीट सांगितली की कमजोर सीट सांगितल्यासारखंच आहे.

किती जोर येतो त्याचा हिशेब करून बघा. गाडी ताशी ५० किलोमीटरने जाऊन समोर आपटली आणि नाक चेपून कॅब साधारण ६० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे सोळा पट जोर येतो. ६० किलोचा गडी त्या क्षणी हजार किलोच्या घरात जातो. दोन गडी म्हणजे दोन टन. कॅबच्या तळाचा पत्रा जेमतेम पाऊण ते एक एमएम. आठच्या बोल्टखाली रुपयाएवढा वायसर असेल तर बोल्ट तुटत नाही, वायसर पत्रा फाडून वर येतो. कागदातून शर्टाचं बटण ओढून काढावं तसा. मग बाकडं, दोन माणसं आणि मागे ठेवलेली पाण्याची कॅन असं सगळं पुढच्या सीटच्या पाठीवर जातं. ती पाठ पुढे बसलेल्या माणसाला टेकायला बनवलेली आहे, मागून येणारे दोन टन अडवायला नाही. म्हणजे पुढे बेल्ट लावून बसलेला चालकही मधे चिरडतो. काशेडी किंवा आंबा घाटाच्या उताराला तर ताशी ५० सुद्धा कमीच धरले आहेत.

'मग बेल्ट लावून देतो' हे उत्तर सीटवाला देईलच. बेल्ट बाजारात मिळतो, अँकर, म्हणजे बेल्ट गाडीच्या सांगाड्याला जिथे पक्का होतो ती जागा, मिळत नाही. युरोपच्या आर-१४ नियमात नुसत्या कमरेच्या बेल्टचे अँकर सुमारे २,२७० किलोच्या ओढीला टिकावे लागतात. तीन टोकांच्या बेल्टमध्ये खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यावर एकाच वेळी प्रत्येकी सुमारे १,३७५ किलोची ओढ देऊन बघतात, आणि ते हलक्या मालवाहू गाड्यांनाही लागू आहे. कंपनी हे साधते ती पत्र्याच्या आतून जाड पट्टी, वेल्ड केलेला नट आणि खांबाला दिलेला दुहेरी पत्रा घालून. बाहेरून वेल्डिंगचा टाका मारला तर टाक्याच्या कडेचा पत्रा भाजून ठिसूळ होतो, आणि जांभ्याच्या खडखडाटी रस्त्यावर वर्षभरात तिथेच चीर जाते. वर रेक्झिन असल्याने ती दिसतही नाही.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून बरेच जण म्हणतात, तिकडे तर सर्रास टाकतात. तिथल्या बऱ्याच एक्स्टेंडेड कॅब, म्हणजे आपल्या स्पेस कॅबसारख्या गाड्या, कारखान्यातूनच मागच्या घडीच्या सीटसह मिळत. मूळ रचनेतच तिचे अँकर धरलेले असल्याने भंगारातून मूळ सीट आणून मूळ जागी बसवणं शक्य होतं. तुमच्या कॅबमध्ये तसे अँकर आहेत का ते बघायचं असेल तर मॅट उचला, प्लास्टिकची बुचं दिसली तर काढा आणि आत वेल्ड केलेला नट आहे का ते टॉर्चने पाहा. बेल्टचा नट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंच, बारीक आट्यांचा असतो, म्हणजे व्यास ११.१ एमएम. दहाचा बोल्ट त्यात खुळखुळतो, बाराचा जात नाही. जबरदस्तीने घुसवाल तर आटे जातील. नट सापडला तरी लगेच खूश होऊ नका. तुमच्याच मॉडेलला, तुमच्याच प्रकारात, कंपनीने मागच्या सीटसह मान्यता घेतली आहे का हे चेसिस नंबर देऊन कंपनीकडून लेखी घ्या. तसं पत्र असेल तरच आरटीओत विचारण्यात अर्थ आहे. ते नसेल तर उरतो पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून चाचणीचा मार्ग. त्यात सीट आणि अँकर खरोखर ओढून बघतात, आणि एका जुन्या गाडीसाठी तो खर्च कुणी करत नाही.

जागा कमी म्हणून भिंतीला टेकून आडवी, बाजूला तोंड करणारी सीट सुचवतील. अमेरिकेत फोर्ड रेंजरच्या सुपरकॅबमध्ये अशा घडीच्या सीटा २०११ पर्यंत येत होत्या, त्यामुळे ती कल्पना कुठून आली हे कळतं. पण समोरून आपटल्यावर आडव्या बसलेल्या माणसाची कंबर बेल्टमध्ये अडकते आणि धड कुशीवर फेकलं जातं. मानेला तो पीळ झेपत नाही. मुलांची चाइल्ड सीट तर अशा सीटवर लावायचीच नसते. शिवाय डोक्याच्या मागे वीतभर अंतरावर काच, काचेमागे हौदा. हौद्यात बांधकामाचा जांभा चिरा भरला असेल तर एकेक नग तीस किलोच्या आसपास. मागच्या खांबांना लोखंडी जाळी नसेल तर जोरात ब्रेक मारल्यावर वरच्या थरातला चिरा कुठे येईल ते सांगायला नको. मूल मांडीवर घेऊन पुढे बसवणं हाही उपाय नाही. दहा किलोचं मूल वरच्या हिशेबाने १६० किलोचं होतं, आणि एवढं कुणाच्याही हातात राहत नाही.

मग करायचं काय? वर्षातून दीड महिना गडी न्यायचे असतील तर त्यांच्यासाठी वडाप ठरवा, पेट्या पिकअपने न्या. बारमाही माणसं न्यायची असतील तर ही गाडी विकून चार दारांची घ्या. बोलेरो कॅम्पर किंवा टाटा योद्धाची क्रू कॅब कारखान्यातूनच मागच्या सीटसह येते, आरसीवर तशी आसनं लागतात. हौदा आखूड मिळतो, पेट्यांची एखादी रांग कमी बसेल, तो तोटा हिशेबात धरा. जुनी घेताना एक पाहा: आरसीवरची आसनसंख्या आणि आतले बेल्ट मोजून सारखे आहेत ना. सिंगल कॅब कापून लांबवलेल्या गाड्याही बाजारात फिरतात.

मागची जागा सामानाला उत्तम आहे. पण पान्यांची लोखंडी पेटी मोकळी ठेवू नका. वीस किलोची पेटी सोळा पटीने सव्वातीनशे किलोची होते. पट्ट्याने बांधा आणि सीटच्या पाठीपेक्षा उंच काही रचू नका.

राहिली ती चार भोकं. ती तशीच सोडली तर आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसात दोन-तीन वर्षांत तळ कुजतो, आणि सायलेन्सरचा धूर आत येतो तो वेगळा. गाडी खड्ड्यावर घेऊन आधी खालून बघा. भोकाजवळून ब्रेकची नळी, डिझेलची नळी किंवा वायर जाते का, आधीच्या ड्रिलने ती घासली आहे का. भोकाभोवतीचा गंज पॉलिश पेपरने उजळ पत्र्यापर्यंत काढा, लोखंडाचा कीस झाडून घ्या, नाहीतर तोच आधी गंजतो. झिंकचा प्रायमर दोन हात, तो वाळला की घट्ट बसणारं रबरी बूच, वरून पीयू सीलंट आणि खालून अंडरबॉडी कोट. भोक कडेने फाटलं असेल तर बूच लावू नका, पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. भोक कॅबच्या आडव्या पट्टीत किंवा कॅब माउंटजवळ (कॅब चेसिसला जिथे बसते तिथे) पडलं असेल तर साध्या गॅरेजवाल्याच्या हाती देऊ नका, बॉडीचं काम करणाऱ्याला दाखवा. पहिला मोठा पाऊस झाला की मॅटखाली वर्तमानपत्र पसरून गाडी रात्रभर बाहेर उभी करा. सकाळी कागद जिथे ओला असेल तिथलं सीलंट पुन्हा भरा.