ओमेर हा सण नव्हे, माप आहे

ओमेर कधी असतो आणि मोजायला विसरलं तर काय, असं तुम्ही विचारलंय. आधी एक गल्लत दूर करू. ज्यू परंपरेत ओमेर हे धान्याचं माप, आजच्या हिशेबाने दोन लिटरच्या वर. ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या 16 तारखेला, म्हणजे वल्हांडणाच्या (इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या) दुसऱ्या दिवशी, नव्या जवाचं एवढं पीठ जेरुसलेमच्या मंदिरात अर्पण व्हायचं. तोवर नव्या पिकातला दाणा तोंडात टाकायचा नाही.

कापणीचं वर्णन मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात आहे, ते मला फार आवडतं. सणाच्या आदल्या दिवशीच माणसं शेतात जाऊन उभ्या जवाच्या पेंढ्या बांधून ठेवत. मग सणाचा पहिला दिवस मावळला की रात्री आसपासच्या गावांतले लोक जमत. कापणारा विचारी, "सूर्य मावळला?" लोक म्हणत, "हो." "हाच विळा?" "हो." "हीच टोपली?" "हो." प्रत्येक प्रश्न तीनदा! एवढा गाजावाजा कशाला? हे अर्पण 'शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी' करा, असं धर्मग्रंथ सांगतो. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, म्हणून बोएथूसी नावाचा विरोधी पंथ याचा अर्थ 'रविवार' असाच घेई; रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, मात्र 'सणाच्या दुसऱ्या दिवशी' असा घेत. त्यांच्यासमोर केलेला हा चारचौघांतला निकाल होता. पुढे ते पीठ तेरा चाळण्यांतून काढत. आणि अर्पण होताच जेरुसलेमचा बाजार नव्या पिठाने, भाजलेल्या दाण्यांनी भरून जाई. माल आधीच तयार असणार हे उघड आहे. ते योग्य की नाही यावर रब्बींचं एकमत नव्हतं.

त्या रात्रीपासून 49 दिवस मोजायचे. पन्नासावा दिवस म्हणजे शावुओत हा सण, तेव्हा नव्या गव्हाच्या दोन भाकरी, त्याही खमीर घातलेल्या. इ.स. 70 मध्ये मंदिर पडलं, अर्पण थांबलं, मोजणी तेवढी राहिली. कोकणात जवाचा हंगाम कुठला? तिथल्या ज्यूंचा, बेने इस्रायलींचा, नव्या धान्याचा जुना 'खिरीचा सण' शरदातल्या तिश्री महिन्यात, भाताच्या दिवसांत यायचा.

आता विसरण्याचं. मोजणी रात्री, उभं राहून, आधी आशीर्वाद म्हणून. रात्री राहिली तर दिवसा आशीर्वादाशिवाय मोजा. पुढच्या रात्रीपासून नेहमीसारखं. अख्खा दिवस हुकला तर मोजत राहा, पण आशीर्वाद मात्र म्हणू नका.

आणखी एक. मोजायच्या आधी संध्याकाळी कुणी "आज कितवा?" विचारलं तर आकडा सांगू नका, तीच मोजणी धरली जाते आणि आशीर्वाद राहून जातो. "काल बारावा होता," एवढंच म्हणायचं.